युटिल्स फाइलमधलं फंक्शन ओपन सोर्समध्ये द्यायचंय? मग असं करा

प्रत्येकाच्या प्रोजेक्टमध्ये युटिल्स नावाची एक फाइल असतेच. कधीतरी घाईत तारीख फॉरमॅट करायला चार ओळी लिहिलेल्या असतात, मग लिस्टचे तुकडे करायला अजून सहा, मग कुणीतरी मजकूर छाटायचं फंक्शन टाकतं, आणि नवीन प्रोजेक्ट सुरू झाला की ती फाइल उचलायची आणि तिकडे पेस्ट करायची. मी पण वर्षानुवर्षं हेच केलं. यातलं एखादं फंक्शन चार लोकांना उपयोगी पडेल असं वाटलं की ते जावास्क्रिप्टच्या लोडॅश किंवा पायथनच्या मोअर-इटरटूल्स, बोल्टन्स यांच्यासारख्या एखाद्या सामायिक संग्रहात द्यावं असं मनात येतं, आणि तिथेच गाडी अडते. कारण कोड तर आधीच लिहून झालेला असतो, मग अजून करायचं काय हेच कळत नाही. खरं तर सगळं काम तिथून पुढे असतं. स्वतःपुरतं फंक्शन "माझ्याकडे चालतंय" एवढ्यावर भागतं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर ते कुठल्या परिस्थितीत नक्की काय करणार हे आधी बोलून ठेवावं लागतं.

मी सगळं एकाच उदाहरणावर सांगतो, नाहीतर हवेत गप्पा होतात. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये कार्डांवर शीर्षकं दाखवायची होती, लांब असली की छाटून शेवटी तीन टिंबं. साधं स्लाइस मारलं होतं, म्हणजे ठरावीक लांबीवर कापायचं. इंग्रजीत मस्त चाललं, मराठीत एक दिवस "विद्यार्थी" या शब्दाच्या मधोमध कात्री लागली आणि स्क्रीनवर "विद्…" असा पाय मोडलेला द दिसायला लागला. म्हणून मग अक्षरं नीट मोजून छाटणारं फंक्शन लिहिलं, जावास्क्रिप्टमध्ये, आणि तेच पुढे एका संग्रहात दिलं. पद्धत कुठल्याही भाषेत हीच.

फंक्शन देण्यासारखं आहे का

स्वतःला दोन गोष्टी विचारा. हे फंक्शन एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी वापरलंय का? आणि त्याच्या आत तुमच्या प्रोजेक्टची काही माहिती शिरलीय का, म्हणजे कार्डाची रुंदी, डेटाबेसच्या कॉलमचं नाव, एखादं ग्लोबल कॉन्फिग? माझ्या फंक्शनमध्ये २४ हा आकडा आत ठोकलेला होता आणि स्ट्रिंग रिकामी असली तर ते "शीर्षक नाही" असं परत द्यायचं. दोन्ही बाहेर काढावं लागलं. आकडा पॅरामीटर झाला, "शीर्षक नाही" माझ्या कार्डाच्या कोडमध्ये गेलं, कारण तो त्या कार्डाचा प्रश्न आहे, मजकूर छाटण्याचा नाही. असं सोलून काढल्यावर हातात काहीच उरत नसेल तर सोडून द्या, ते हेल्पर नव्हतंच.

आणि फार छोटं असेल तरी विचार करा. लेफ्ट-पॅडची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, मार्च २०१६ मध्ये स्ट्रिंगच्या डावीकडे स्पेस भरणारं अकरा ओळींचं एक पॅकेज एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची पॅकेजेस जिथून घेतात तिथून) काढून घेतलं गेलं आणि बेबल, रिॲक्ट वगैरेवर चालणारे जगभरातले बिल्ड धडाधड पडले, शेवटी एनपीएमनेच ते परत आणलं. आणि नंतर ईएस २०१७ मध्ये (जावास्क्रिप्टच्या त्या वर्षीच्या प्रमाण आवृत्तीत) तेच काम करणारं पॅडस्टार्ट भाषेतच आलं! तर एकेका फंक्शनचं वेगळं पॅकेज काढून बसण्यापेक्षा चांगल्या सांभाळलेल्या संग्रहात दिलेलं कधीही बरं असं माझं मत आहे. पण संग्रहवाल्यांनाही प्रत्येक फंक्शन पुढची कित्येक वर्षं सांभाळायचं असतं, त्यामुळे एका ओळीत लिहून होणारी गोष्ट ते सहसा घेत नाहीत, आणि त्यात चूक काही नाही.

शोधा, आणि बंद झालेल्या इश्यूंमध्ये पण शोधा

माझा पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) कसा गेला ते सांगतो. एका संग्रहाला एका वीकेंडला सहा फंक्शन्स एकदम पाठवली, वर एडिटरने अख्ख्या फाइलचं फॉरमॅटिंग बदलून टाकलेलं, म्हणजे डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधला फरक दाखवतात तिथे) नक्की नवीन काय तेच दिसेना. दोन दिवसांनी एका वाक्यात उत्तर आलं की यातली चार आमच्याकडे आधीच आहेत, नावं वेगळी आहेत, आणि पीआर बंद. राग आला होता तेव्हा. पण चूक माझीच होती, मी माझ्या डोक्यातल्या नावाने शोधलं होतं आणि त्यांनी त्यांच्या डोक्यातलं नाव दिलं होतं.

म्हणून शोधताना एकाच कामाची चार-पाच नावं काढा. लिस्टचे तुकडे करायचे असतील तर चंक, बॅच, स्प्लिट, ग्रुप, विंडो. मजकूर छाटायचा असेल तर ट्रंकेट, शॉर्टन, क्लिप, एलिप्सिस. आधी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत बघा, तेही नव्या व्हर्जनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, कारण अशी हेल्पर फंक्शन्स हळूहळू वर सरकत असतात. पायथनचं पेअरवाइज कितीतरी वर्षं इटरटूल्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये नुसती रेसिपी म्हणून होतं, ३.१० मध्ये ते खरं फंक्शन झालं, मग ३.१२ मध्ये बॅच्ड आलं. जावास्क्रिप्टमध्ये ग्रुपबाय ईएस २०२४ मध्ये भाषेतच आलं. त्यानंतर संग्रहाचा कोड बघा, आणि मग उघडे आणि बंद दोन्ही इश्यू (प्रोजेक्टवर नोंदवलेल्या तक्रारी-सूचना) आणि पीआर. बंद झालेल्यांमध्ये सोनं असतं, कारण तुमचीच कल्पना तीन वर्षांपूर्वी कुणी मांडलेली असते आणि ती का नाकारली हे तिथे लिहिलेलं असतं.

माझ्या बाबतीत लोडॅशमध्ये ट्रंकेट आहे, पायथनच्या टेक्स्टरॅप मॉड्यूलमध्ये शॉर्टन आहे. पण लोडॅशच्या ट्रंकेटमध्ये देवनागरीच्या मात्रा-जोडाक्षरांचा हिशेब नाही आणि शॉर्टन शब्दांच्या मधल्या स्पेसवर कापतं, अक्षरं मोजून नाही. म्हणजे जागा होती.

कोड नक्की तुमचाच आहे ना

कंटाळवाणा भाग आहे, पण एकदा नीट बघून घ्या, इथे झालेला घोळ नंतर निस्तरता येत नाही. नोकरीत, कंपनीच्या वेळेत लिहिलेलं फंक्शन बऱ्याचदा करारानुसार कंपनीचं असतं, तर लेखी परवानगी घ्या, एक ईमेल पुरतो. स्टॅक ओव्हरफ्लोवरून उचललेलं असेल तर तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सखाली असतो, श्रेय द्या आणि पुढेही त्याच अटींवर वाटा असं ते म्हणतं, त्यामुळे एमआयटी किंवा बीएसडी अशा सैल लायसन्सवाल्या संग्रहात ते जसंच्या तसं टाकता येत नाही. कल्पना समजून घ्या, फाइल बंद करा आणि स्वतः लिहा. जीपीएलवाल्या (बदललेला कोडही त्याच लायसन्सखाली वाटायला लावणाऱ्या) प्रोजेक्टमधून एमआयटीवाल्यात कोड नेणं पण तसंच, चालत नाही.

काही ठिकाणी प्रत्येक कमिटवर साइन-ऑफ मागतात, म्हणजे गिट कमिटला हायफन एस लावायचं, की शेवटी तुमच्या नावाची एक ओळ येते आणि तिचा अर्थ "हा कोड द्यायचा हक्क मला आहे". ही पद्धत लिनक्स कर्नलवाल्यांनी २००४ मध्ये सुरू केली. काही ठिकाणी त्याऐवजी वेगळा करार सही करून मागतात. आणि एआयकडून लिहून घेतलेला कोड चालतो का ते नियमांत बघा, सगळीकडे चालतो असं समजू नका, जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या प्रोजेक्टनी २०२४ मध्ये त्याला स्पष्ट नाही म्हटलंय.

आधी इश्यू, मग कोड

कॉन्ट्रिब्युटिंग नावाची, कोड कसा द्यायचा ते सांगणारी फाइल बहुतेक ठिकाणी असते, ती पूर्ण वाचा, वरवर नाही. मग इश्यू उघडा. मी असा लिहिला होता, जवळजवळ जसाच्या तसा देतो:

"मजकूर ठरावीक अक्षरांत छाटणारं फंक्शन हवंय. सध्याच्या ट्रंकेटने 'विद्यार्थी' ४ वर कापलं की शेवटी मोडकं अक्षर राहतं, कारण या शब्दात वाचणाऱ्याला ३ अक्षरं दिसतात पण कोड पॉइंट १० आहेत. नवीन फंक्शन दिसणारी अक्षरं मोजेल. बाहेरची डिपेंडन्सी नाही, भाषेतलंच इंटल सेगमेंटर वापरीन. सध्याच्या ट्रंकेटमध्येच पर्याय म्हणून घालू की वेगळं फंक्शन करू? तुम्हाला योग्य वाटेल तसा पीआर देतो."

(कोड पॉइंट म्हणजे युनिकोडमधला एकेक सुटा घटक, व वेगळा आणि त्याची वेलांटी वेगळी. सेगमेंटर म्हणजे मजकुराचे दिसणाऱ्या अक्षरांत तुकडे करणारी जावास्क्रिप्टमधली सोय.) एक मोडकं उदाहरण, एक उपाय आणि शेवटी असा प्रश्न ज्याचं उत्तर मेंटेनरला (संग्रह सांभाळणाऱ्याला) एका ओळीत देता येईल. "हे फार उपयोगी पडेल, सगळ्यांना लागतं" असलं काही नाही. मला उत्तर आलं, वेगळं फंक्शन करा, जुन्याला हात लावू नका. हे मी न विचारता जुन्यातच घुसवलं असतं तर अख्खी मेहनत वाया गेली असती.

उत्तर यायला वेळ लागतो हे धरून चला. हे लोक बहुतेक फुकट, आपलं काम संभाळून करतात, आणि अनोळखी माणसाकडे जरा संशयाने बघायला त्यांच्याकडे कारणं पण आहेत. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरभर ओपन सोर्सला पीआर द्यायचा उपक्रम) टीशर्टसाठी रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) एक-एक शब्द बदलणाऱ्या पीआरचा एवढा पूर आला की आयोजकांना मध्येच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टला हवंय त्यानेच भाग घ्यावा असं करावं लागलं. मार्च २०२४ मधलं एक्सझेड (लिनक्सवर सर्रास वापरलं जाणारं, फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) प्रकरण तर त्याहून भयंकर, तिथे दोन-अडीच वर्षं गोड बोलून विश्वास कमावलेल्या माणसाने बॅकडोअर, म्हणजे आत शिरायची चोरवाट, घातला होता. तर थंड उत्तर आलं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

सेटअप, पटकन

रेपो (प्रोजेक्टचं गिटमधलं कोठार) फोर्क करा, म्हणजे तुमच्या खात्यात त्याची प्रत काढा, तुमचा फोर्क क्लोन करा, म्हणजे मशीनवर उतरवून घ्या, आणि मूळ रेपो अपस्ट्रीम नावाने रिमोट म्हणून जोडा, नंतर त्यांचे बदल ओढायला तो लागतो. मेन ब्रँचवर काम करू नका, नवीन ब्रँच काढा, नावात काय करताय ते येऊ दे. त्यांनी सांगितलेल्या व्हर्जनवर डिपेंडन्सी बसवा, आणि एकही अक्षर बदलायच्या आधी त्यांच्या सगळ्या टेस्ट एकदा चालवून बघा. हे लोक विसरतात. तुमच्या मशीनवर आधीच दोन टेस्ट पडत असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं, नाहीतर नंतर तीन तास आपल्या कोडमध्ये त्यांचा बग शोधत बसाल, मी बसलोय. एडिटरचं "सेव्ह केल्यावर फॉरमॅट कर" या रेपोपुरतं बंद ठेवा किंवा त्यांच्या सेटिंगवर लावा.

आता मेन गोष्ट: काठावर काय होणार ते ठरवा

कोड उघडायच्या आधी एक कागद घ्या आणि फंक्शनला विचित्र काय-काय देता येईल ते लिहून काढा. माझ्या छाटणीवाल्या फंक्शनची यादी अशी निघाली: रिकामी स्ट्रिंग दिली तर? मर्यादा शून्य असेल तर? ऋण असेल तर? अडीच असेल तर? मजकूर बरोबर मर्यादेएवढाच असेल तर टिंबं लावायची का? स्ट्रिंगऐवजी नल आलं तर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची टिंबं मर्यादेत मोजायची की वेगळी?

या शेवटच्या प्रश्नावर मी तासभर घालवला. लोडॅश टिंबं मर्यादेत धरतं, पायथनचं शॉर्टन पण धरतं. पण मग मर्यादा टिंबांपेक्षाच लहान असली की काय? "अबकडईफ" दोनवर छाट, शेवटी तीन टिंबं लाव म्हटलं तर लोडॅश नुसती तीन टिंबं देतं, म्हणजे मागितलं दोन आणि मिळालं तीन! पायथन सरळ व्हॅल्यू एरर फेकतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण दोघांचं वागणं वेगळं आहे, आणि वापरणारा माणूस यातलं एक गृहीत धरून बसणार. मी ठरवलं की निकाल मर्यादेपेक्षा कधीही मोठा असणार नाही, आणि टिंबंच मावत नसतील तर एरर. का ठरवलं ते पण लिहून ठेवलं, कारण रिव्ह्यूमध्ये हा प्रश्न येणार हे नक्की होतं. आणि आलाच.

हे सगळं आधी का, तर फंक्शन एकदा प्रकाशित झालं की त्याच्या चुकीच्या वागण्यावरसुद्धा कुणीतरी अवलंबून राहायला लागतं. मग शून्य मर्यादेला रिकामी स्ट्रिंग द्यायची ऐवजी एरर द्यायचा एवढा बदल करायला पण सेमँटिक व्हर्जनिंगच्या हिशेबाने व्हर्जनचा मेजर, म्हणजे पहिला आकडा वाढवावा लागतो. नवीन फंक्शन आलं तर मधला आकडा वाढतो, बग दुरुस्त केला तर शेवटचा, आणि आधीचं वागणं मोडलं तर पहिला. कुठलाही मेंटेनर तुमच्या एका फंक्शनसाठी पहिला आकडा वाढवायला खुशीने तयार होत नाही.

नावाचं पण इथेच उरका. संग्रहात आधीची नावं क्रियापदाने सुरू होतात का, संक्षेप वापरतात का, पॅरामीटरचा क्रम काय असतो, हे बघून तसंच करा, तुमची आवड बाजूला ठेवा. नाव किती महागात पडू शकतं याचं उदाहरण म्हणजे जावास्क्रिप्टचं फ्लॅट. त्याचं नाव आधी फ्लॅटन ठेवणार होते, पण मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने ॲरेला त्याच नावाचं आपलं फंक्शन चिकटवून ठेवलं होतं आणि जुन्या साइट मोडायला लागल्या, २०१८ मध्ये त्यावर इंटरनेटवर मोठा धिंगाणा झाला आणि शेवटी नाव फ्लॅट झालं. म्हणून दुसऱ्याच्या टाइपला आपलं फंक्शन बाहेरून चिकटवायचं नाही, साधं वेगळं फंक्शन एक्स्पोर्ट करायचं.

कोड लिहिताना

आलेल्या इनपुटमध्ये बदल करू नका, नवीन काहीतरी तयार करून परत द्या. आत ग्लोबल स्टेट नको, लॉगिंग नको, पायथन असेल तर डिफॉल्ट पॅरामीटर म्हणून रिकामी लिस्ट नको, कारण ती एकदाच तयार होते आणि प्रत्येक कॉलला तीच वापरली जाते. नवीन डिपेंडन्सी तर अजिबात नको.

माझ्या फंक्शनचा गाभा साधा आहे. आधी स्ट्रिंगची नेहमीची लांबी बघायची, ती मर्यादेपेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तर स्ट्रिंग तशीच परत, कारण दिसणारी अक्षरं लांबीपेक्षा जास्त कधीच असू शकत नाहीत. बहुतेक वेळा इथेच काम संपतं. नसेल संपलं तर सेगमेंटरकडून एकेक अक्षर घेत जायचं आणि मर्यादेच्या पुढे एक अक्षर गेलं की थांबायचं, दहा हजार शब्दांचा लेख आला तरी वीस अक्षरांसाठी पूर्ण चाळायचा नाही. आणि सेगमेंटर फंक्शनच्या बाहेर एकदाच बनवून ठेवायचा, पहिल्या मसुद्यात मी प्रत्येक कॉलला नवीन बनवत होतो आणि हजार कार्डांच्या यादीत ते जाणवत होतं.

मजकुराशी खेळणाऱ्या फंक्शनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (रेजेक्स, मजकुरात नमुना शोधायची खूण) वापरत असाल तर दोनदा विचार करा. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद पडलं होतं, कारण काय तर ओळीच्या टोकाच्या स्पेस काढणारी एक रेजेक्स आणि एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० स्पेस. स्पेस काढणं! याहून निरुपद्रवी हेल्पर कुठला असेल? पण स्पेसच्या रांगेनंतर दुसरंच अक्षर आलं की ते इंजिन एक पाऊल पुढे सरकून परत सगळं मोजायचं, असं २०,००० वेळा. तसंच ऑब्जेक्ट एकमेकांत मिसळणारी फंक्शन्स, लोडॅशच्या डिफॉल्ट्सडीपमध्ये २०१९ ला जो प्रोटोटाइप पोल्यूशनचा बग निघाला तो असाच, बाहेरून आलेल्या डेटातली एक खास की अख्ख्या प्रोग्रामच्या सगळ्या ऑब्जेक्टना बाधू शकत होती. तुमचं फंक्शन कोण कुठला डेटा देऊन चालवणार हे तुमच्या हातात नाही.

टेस्ट

कागदावरच्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक टेस्ट, एवढं सोपं आहे. यादी नीट केली असेल तर टेस्ट अर्ध्या तासात होतात. टेस्टच्या नावात अपेक्षा लिहा, "टेस्ट तीन" नको, "टिंबं मावत नसतील तर एरर" असं. आणि मुद्दाम एकदा कोड बिघडवून बघा की टेस्ट लाल होतेय का, जी कधीच पडत नाही ती टेस्ट कसली.

त्याशिवाय काही गोष्टी कुठल्याही इनपुटला खऱ्या असायला हव्यात, त्या पकडा. तुकडे करणारं फंक्शन असेल तर सगळे तुकडे परत जोडले की मूळ लिस्ट यायलाच हवी. छाटणीवालं असेल तर निकाल मर्यादेत हवा, आणि टिंबं काढून उरलेला भाग मूळ मजकुराची सुरुवातच हवा. पायथनमध्ये हायपॉथेसिस नावाची लायब्ररी अशा अटी देऊन स्वतः शेकडो चित्रविचित्र इनपुट बनवून मारते, जावास्क्रिप्टमध्ये फास्ट-चेक आहे. संग्रहात आधीच असेल तर वापरा, नसेल तर त्यासाठी नवीन डिपेंडन्सी घालू नका, एक लूप पुरतो.

आता माझी फजिती ऐका. "विद्यार्थी" ची लांबी ३ यावी अशी टेस्ट लिहिली, माझ्याकडे हिरवी. पीआर टाकला, सीआय (पीआर आला की आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) तीन वेगवेगळ्या व्हर्जनवर चालतं, त्यातल्या जुन्यावर लाल. तिथे उत्तर ५ येत होतं! शोधल्यावर कळलं की युनिकोडच्या जुन्या नियमाने हलन्तानंतर अक्षर तुटायचं, म्हणजे वि, द्, या, र्, थी असे पाच भाग. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांसाठी युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ ला आला. म्हणजे कोड तोच, पण आतला युनिकोडचा डेटा जुना की नवा यावर उत्तर ठरतं. मग नेमका आकडा तपासायला "मराठी" घेतलं, त्यात जोडाक्षर नाही, म, रा, ठी, जुन्या-नव्या दोन्ही नियमांनी ३. जोडाक्षरवाल्या शब्दांना फक्त वरच्या दोन अटी लावल्या, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ टाकली की जुन्या व्हर्जनवर जोडाक्षर तुटू शकतं.

डॉक्युमेंटेशन

पहिल्या ओळीत काय करतं, मग पॅरामीटर, काय परत देतं, कधी एरर देतं, आणि दोन उदाहरणं, एक नेहमीचं आणि एक काठावरचं. पायथनमध्ये डॉकस्ट्रिंगमधली उदाहरणं डॉकटेस्टने चालवून बघता येतात, चालवाच, कारण न चालवलेलं उदाहरण महिनाभरात खोटं होतं. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदींच्या फाइलमध्ये) ओळ आणि सूचीत नाव टाकायचं असतं ते विसरू नका, सगळ्यात जास्त रिव्ह्यू कमेंट यावरच येतात.

पीआर आणि रिव्ह्यू

एका पीआरमध्ये एकच फंक्शन. त्यांचं लिंटर (कोडची शैली तपासणारं टूल) आणि टेस्ट आपल्याकडे चालवून मगच पुश करा. वर्णनात इश्यूचा नंबर टाका आणि जे निर्णय घेतले ते दोन-तीन वाक्यांत सांगा, "टिंबं मर्यादेत धरली आहेत, जुन्या ट्रंकेटसारखीच, पण मावत नसतील तर एरर दिलाय, कारण निकाल मर्यादेबाहेर जाऊ नये". एवढ्याने रिव्ह्यू करणाऱ्याचे अर्धे प्रश्न संपतात.

कमेंट आल्या की प्रत्येकीला उत्तर द्या, केलं असेल तर "केलं", पटत नसेल तर कारणासकट एकदा सांगा, आणि तरी ते ठाम असतील तर त्यांचं ऐका, घर त्यांचं आहे. मला एररचा प्रकार बदलायला सांगितला, रेंज एरर कर म्हणाले कारण बाकी सगळीकडे तोच आहे, बदलला. एका कमेंटवर मात्र मी अडून बसलो, ते म्हणाले सेगमेंटर नसेल तर साधं स्लाइस वापरू, मी म्हटलं मग तोच मोडका द परत येणार आणि कुणाला कळणार पण नाही. पटलं त्यांना. मधल्या काळात मेन ब्रँच पुढे गेली तर अपस्ट्रीममधून ओढून रीबेस करा, म्हणजे तुमचे कमिट नव्या मेनच्या वर चढवा, आणि फोर्स पुश करावा लागला तर विथ-लीजवाला करा, नुसता नको, चुकून दुसऱ्याचं कमिट उडतं. दोन आठवडे काहीच हालचाल नसेल तर एक नम्र आठवण, रोज नाही.

मर्ज झाल्यावर

रेपोची नोटिफिकेशन निदान पुढचे काही महिने चालू ठेवा, तुमच्या फंक्शनवर पहिला बग येईल तेव्हा तुम्हीच उत्तर दिलंत तर पुढचा पीआर बराच सोपा जातो.

आणि नवीन रिलीज आलं की स्वतःच्या प्रोजेक्टमधलं जुनं फंक्शन खरंच डिलीट करा आणि संग्रहातलं इम्पोर्ट करा. हे बरेच जण करतच नाहीत, दोन्ही प्रती वर्षानुवर्षं वेगवेगळ्या वाढत राहतात. मी केलं आणि लगेच कार्डांचा लेआउट बिघडला, शीर्षकं दोन-दोन ओळींवर गेली. जुन्या स्लाइसवाल्या कोडमधले २४ म्हणजे २४ कोड पॉइंट होते, मराठीत ती जेमतेम चौदा-पंधरा अक्षरं व्हायची. आता खरोखरची २४ अक्षरं येत होती. कार्डाच्या कोडमध्ये आकडा १५ केला आणि ते कमिट मारून टाकलं.